नुसतं धरून ठेव

— नाही हो नाना, दुकान बंद नाहीये, शटर अर्धं ओढलंय ते उन्हामुळे. या ना आत, गाडी राहू द्या तिथे लिंबाखाली. कौतिकभाऊ ना? आहेत की — म्हणजे बाहेर गेलेत, सामान आणायला. येतील, बसा तुम्ही. मी त्यांची मिसेस, कुंदा. राजदूत ना ही? कुसुंब्याहून आणली? टेम्पोत टाकून — मग काय, एवढं धुळ्यापर्यंत कोण ढकलणार. काय करते, चोक ओढला की चालते आणि सोडला की बंद पडते? मग कार्बोरेटरच. उभी राहिली ना गाडी वर्ष-दोन वर्षं, की आतलं पेट्रोल वाळतं, पाकासारखं चिकट होतं, आणि तो पितळेचा जेट असतो ना आत, त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं — ते बुजतं. पेट्रोलला वाटच नाही, मग इंजिन काय पिणार? — हो, कळतं थोडंफार. ऐकून ऐकून.

खोलते ना मी, खोलायला काय. ते येईपर्यंत धुऊन तरी ठेवते. एवढं मीच करते नेहमी. तो स्टूल घ्या, त्या टायरवर बसू नका, धोतराला काळं लागेल. हे बघा, ही खालची वाटी, बघा कशी हिरवी पडलीये. हा जेट. उजेडाकडे धरा — दिसतंय काही पलीकडचं? नाहीच दिसणार. यात टाचणी घालायची नाही बरं का. मी घातली होती पहिल्यांदा, वाटलं, काय एवढं, भोक तर आहे. भोक मोठं झालं आणि गाडी नुसती पेट्रोल प्यायला लागली. नवीन जेट टाकावा लागला. आता भिजत घालते, मग ब्रशचा एखादा केस फिरवते, मग हवा मारते, पुन्हा उजेडाकडे धरते. नाही झालं तर पुन्हा भिजत. कंटाळा येतो हो. डोळे दुखतात. पण —

ऐकला ना तुम्ही खोकला. आतच आहेत ते. बाहेर गेले म्हटलं ते खोटं, आता खोकला ऐकल्यावर कशाला लपवू. झोपलेत. झोपलेत म्हणजे पडलेत, भिंतीकडे तोंड करून. हात थरथरतात त्यांचे. आधी उजवाच थरथरायचा, ते म्हणायचे, चहा जास्त झाला. मग एकदा जेट हातातून उडाला तो सरळ गटारीत. अर्धा दिवस मी गटारीत हात घालून शोधत होते आणि हे माझ्यावरच चिडले, की तू मधे आलीस. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्यांनी कमी होईल, पण जाणार नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात हाक मारली मला, म्हणाले, इकडे ये, तू काही करू नको, नुसतं धरून ठेव. मग धरलं. मग म्हणाले, हा स्क्रू जरा फिरव. मग म्हणाले, पाव आटा अजून. असं करत करत — बठ्ठं, सगळं काम माझ्याच हातात आलं. मला कुणी विचारलंच नाही ना, तुला शिकायचंय का. त्यांनी नाही, आणि मीही नाही मला विचारलं.

माझं शिवणकाम होतं हो नाना. ब्लाऊज, पिको-फॉल, बुद्धविहारातल्या सगळ्या बायका माझ्याकडेच यायच्या. आता हाताचा वास जातच नाही, कितीही साबण लावा. सुगंधाबाईंच्या मुलीच्या लग्नातला ब्लाऊज होता, त्यांनी नाकाशी धरला आणि बाजूला ठेवला. बोलल्या काही नाहीत, भली बाई. पण पुन्हा कापड घेऊन आल्या नाहीत. मशीन आहे तिथे, त्या पोत्याखाली. आणि लोक म्हणतात, वा, बाई असून गाडी दुरुस्त करते. एक मुलगा फोटो काढायला आला होता मोबाईलवर. मी म्हटलं, बाबा, मला नको ती वाहवा. मला दुपारी थोडं पडायला मिळालं तरी पुष्कळ.

त्यांना सांगू नका हं, मी असं बोलले ते.

पण चार महिने झाले, ते बाहेरच येत नाहीत, त्याचं कारण हात नाही. पितांबर म्हणून आहे एक, साक्री रोडला राहतो. त्याची गाडी मी केली. पहिली पूर्ण गाडी, हे घरात नसताना, माझी मीच. सुरू झाली तेव्हा मला — जाऊ द्या. तो बायकोला घेऊन सासुरवाडीला निघाला, नशिराबादला. पेट्रोल थांबवायची एक सुई असते आत, ती माझ्याकडून नीट बसलीच नव्हती. टाकीतलं पेट्रोल गरम इंजिनावर सांडत राहिलं. बायकोला वास आला म्हणून उतरले दोघं. हायवेवर, भर उन्हात. एक ठिणगी पडली असती तर? मला अजून तेच दिसतं, डोळे मिटले की. तो परत आला दुकानात, असा लाल झालेला, कुणी केलं हे म्हणून. मी पुढे झाले, तोंड उघडलं, तर हे मागून म्हणाले, "मन्हा हात चुकना, भाऊ." उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकापुढे मान खाली घातली नव्हती या माणसाने. पितांबर काय वाटेल ते बोलून गेला. यांनी ऐकून घेतलं, आत गेले, ते गेलेच.

ज्या बायकांना मी खरं सांगितलं त्या म्हणतात, किती सांभाळून घेतलं तुला. मलाही वाटतं तसं. पण रात्री वाटतं, मला सांभाळलं, की कौतिक मिस्त्रीचा हात चालतो अजून, एवढंच गावाला दाखवायचं होतं? विचारणार कसं? आणि एक सांगू — चूक माझी होती नाना. एवढी मेहनत केली, हात जाळून घेतले, आणि निदान चूक तरी माझी म्हणायची. तीही त्यांनीच घेतली. मग माझं काय राहिलं त्यात?

— काय? त्यांना एकदा बाहेर बोलावू? नजर टाकतील म्हणता?

नाही बोलावणार. ऐकतायत ते आतून, खोकला थांबलाय बघा केव्हाचा. ऐकू दे. गाडी मीच करणार आहे. भिजायला घातलाय जेट, आज होणार नाही, उद्या दुपारी या. नसेल विश्वास तर आत्ता घेऊन जा, वाईट वाटणार नाही मला, टेम्पोवाला असेल अजून कोपऱ्यावर. आणि ठेवली, आणि रस्त्यात बंद पडली, तर इथे येऊन त्यांच्या नावाने ओरडायचं नाही. कुंदाबाई म्हणायचं. मला बोलायचं, काय बोलायचं ते.

जा आता. स्टूल राहू द्या तसाच.