म्हाताऱ्या घोडीशेजारी

लिनेओच्या पत्राला लेकोत्सा गुरुजींनी अजून उत्तर दिलं नव्हतं. माणसाला बुजणारे घोडे गुरुजींच्या म्हाताऱ्या घोडीकडे बघून माणसाळतात का, हे या जुन्या विद्यार्थिनीला विद्यापीठासाठी तपासायचं होतं. नाही जमलं तर आपल्यापायी पोरीची मेहनत वाया जाईल, या धास्तीने ते गप्प बसले होते.

आज सेमोनकोंगच्या पोस्टात रांगेत त्यांच्यापुढे ब्लँकेट पांघरलेल्या दोन शेजारणी बोलत होत्या.

“तुझा काळा घोडा अजून लाथा झाडतो का गं, मात्लाली?”

“नाही गं. सासूबाईंच्या घोडीशेजारी बांधला. त्या तिला खरारा करायच्या आणि हा लांबून बघत राहायचा. परवा आपणहून येऊन त्यांच्यापुढे उभा राहिला.”

“मग नवऱ्यालाही तिथेच बांध.”

“त्याला बघून शिकायची अक्कल हवी ना.”

“आणि घोडा नसता सुधारला तर?”

“तर विकणारच होतो. त्यात घोडीचं काय गेलं असतं? ती आपली गवत खात उभी होती.”

गुरुजींनी खिडकीवरून एक कार्ड घेतलं. ‘लिनेओ, घोडे घेऊन ये. जमतं का ते मिळून बघू,’ एवढंच लिहिलं आणि तिथल्याच पेटीत टाकलं.