फायटर माशाची भूक

सोलापूरच्या एसटीत पुढच्या सीटवर म्हातारी मांडीवर बरणी घेऊन बसली होती. बरणीत निळा फायटर मासा निपचित पडलेला. शेजारच्या तरुणानं चौकशी सुरू केली, तशी मागं बसलेल्या पूनमनं ऐकायला इअरफोन काढले.

“मावशी, काय खायला घालता?”

“दुकानातलं दाणंच. नातीचा हाय. ती गेली हॉस्टेलला.”

“किती घालता?”

“पोट टम्म होईस्तोवर. आमी शेरडं तशीच राखतो की.”

“अहो, याचं पोट याच्या डोळ्याएवढं! सकाळी दोन दाणे, संध्याकाळी दोन. आता दोन दिवस काहीच नको.”

“आसं कसं? मी जवळ गेली की काचंला पळत येतो. भूक नसंल तर कशाला येईल?”

“तुम्हाला ओळखतो.”



“आन् मी त्याच्याजवळ रिकाम्या हातानं जाऊ व्हय?”