माईक धर, दिनकर

माझा जन्म माजिवड्याच्या पुढं, खाडीकडच्या वस्तीतला. गावाचं नाव नका लिवू, तिथल्या पोरी आता माझ्या नातीच्या मैत्रिनी हायेत. आईबाप घाटावरचे, मिठागरात कामाला आलेले. काय सांगू तुम्हाला, नळ गावाच्या नाक्यावर, पन आमच्या बायांनी त्याला हात लावायचा नाही, गावातल्या बाईनं वरनं ओतलं तर आमचा हंडा भरनार, तेबी तिची मर्जी आसंल तर.

लगीनबी त्याच वस्तीत झालं. एक दिवस डोकंच फिरलं माझं, सगळ्या बाया घेऊन नाक्यावर गेले आन् नळाच्या कट्ट्यावर चढले. कडेवर पोरगी, दुसऱ्या हातात रिकामा हंडा, पोरांनी बोलायला माईक आनलेला, तो कोन धरनार? माझा चुलतदीर दिनकर बाजूला व्हता, म्हनलं भाऊजी, धरा. त्यानं धरला, मी बोलले, पेपरवाल्यानं फोटो काढला, आन् त्या दिवशी त्या नळाचं पानी मी माझ्या हातानं भरलं.

माझे मालक वारले, मी बिगारीकाम करत राह्यले, आन् दिनकर झाला पुढारी, दिनकरभाऊ. दरसाल नळाचा दिवस करतो, भला मोठा फ्लेक्स लावतो. फोटो तोच, पन त्यातनं मला कापून टाकलेली! नुसता हा, हातात माईक, समोर मानसं, आन् खाली लिवलंय, नळासाठी लढलेला आवाज. मुडदा बशिवला मेल्याचा! तेबी गिळलं आसतं मी, पन नात कल्याणला कालेजात जाती, ती म्हनली, आजी, तूपन व्हतीस का गं तिथं, गर्दीत? गर्दीत! तवाच ठरवलं, ह्याला ह्याच्याच फ्लेक्सखाली उघडा पाडायचा.

यंदा मला शाल द्यायला बोलावलेलं. शाल ठेवली खुर्चीवर आन् सरळ फ्लेक्सपाशी गेले. म्हनलं, बाबांनो, नीट बघा, दिनकरचं तोंड मिटलेलं हाये. माईक धरलाय तो कुनाच्या तोंडाकडं? आन् ही सगळी मानसं, एकाची तरी नजर ह्याच्यावर हाये का? सगळी बघतायत कडेला, जिथं फ्लेक्स संपतो. तिथं कोन व्हतं? तशी मागनं आमच्या वस्तीतली म्हातारी वरडली, तूच गं बाये, तो बघ तुझा हंडा! खरंच की, कडेला हंड्याचा काठ राह्यलेला, तेवढा कापायचा इसरला मेला.

दिनकर हसायला लागला, म्हनला, वहिनी, आपलं एकच घर, बसा ना. म्हनलं, घर आसंल एक, माईक धर, दिनकर. चारचौघांत भाऊजी म्हनलं नाही मी त्याला. धरला त्यानं, न धरून जातो कुठं? मी पोटभर बोलले. नात समोर उभी, रडत व्हती आन् फोटो काढत व्हती.

आता तो फोटो नाक्यावर लावलाय वस्तीतल्या पोरींनी, हा एवढा मोठा. मी बोलतीये, दिनकर माईक धरून खाली मान घालून उभा. परवा घरी आला, पाया पडला, म्हनला, वहिनी, तेवढा काढायला सांगा की. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, म्हनलं, लई वर्सं जग रे बाबा, ठनठनीत राहा, आन् रोज त्याच नाक्यावरनं जा.