अर्धी गोधडी

सिल्वासाच्या बसस्टँडवर, भर उन्हात, किलवणीच्या गाडीची रांग. माझ्यापुढे धाग्याच्या कंपनीतल्या दोघी होत्या. कोंडामावशी, आणि डोक्यावरचा पदर गच्च धरून ममता.

"मावशी, सासूबाई गेल्या तेव्हा गोधडी अर्धीच राहिली होती ना? ती रोज थोडी थोडी पुढे शिवली जातेय."

"काहीतरीच! तुझा नवरा शिवत असेल."

"त्याला सुईत दोरा ओवता येत नाही. मी एक टाका काढून पेटवला, कंपनीत बघतात तसा."

"मग? पॉलिस्टर असला तर वितळून गोळी होते."

"नाही झाली."

"मग सुती असेल. कागद जळाल्यासारखा वास येतो."

"केस जळाल्यासारखा आला."

"लोकर असेल, बाई. तिचाही तसाच येतो."

"लोकर कुरळी असते, मावशी. हा सरळ होता. हातभर लांब, पांढरा."

"अगं आई! उसवून टाक ती गोधडी."

"परवा सगळी उसवली. काल सकाळी बघते तर पुन्हा शिवलेली. आता टाके काळे आहेत."

"काळे? ... ममता, तो पदर काढ बघू डोक्यावरचा."

"नको मावशी. गाडी आली."

रस्त्यावर गाडी कुठेच दिसत नव्हती.