पालकांच्या रविवारची पंगत

मुलीला घाटातल्या निवासी शाळेत ठेवून मी सुटलो असं तुम्ही म्हणता ना? मग ऐका.

चैत्रात तिथे पालकांचा रविवार असतो. दुपारी सगळ्यांची पंगत बसते. ज्या मुलांकडे कोणी आलेलं नसतं, त्यांना दुसऱ्या कुणाच्या आईवडिलांशेजारी बसवतात. आणि एकदा पान वाढलं की कोणी उठायचं नाही, हा तिथला नियम.

बायको तेव्हा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत. मी एकटाच हडपसरहून निघणार, तेवढ्यात ऑफिसचा फोन. "दहाच मिनिटं" म्हणाले आणि दीड तास खाल्ला. आंब्याची पेटी घेऊन धापा टाकत वर पोचलो, तर आमची ईरा भलत्याच कुटुंबात बसून खुशाल श्रीखंड चाटतेय!

मी हाक मारणार, तोच शाळेच्या बाई म्हणाल्या, "अहो, तिचं पान वाढलंय. आपण इकडे बसा." आणि मला एका सात-आठ वर्षांच्या मुलीशेजारी बसवलं.

तिने मला नीट न्याहाळलं. "काका, तुमचं कोणी आलं नाही?"

"आलंय की. ती काय, तिकडे जेवतेय."

"असू दे," असं म्हणून तिने आपली एक पुरी माझ्या पानात ठेवली. "पहिल्यांदा वाईट वाटतं. नंतर नाही वाटत."

ईरासाठी आणलेला पहिला आंबा मी तिलाच कापून दिला. हात धुताना ती हळूच म्हणाली, "काका, पुढच्या वेळी लवकर निघा हं. नाहीतर परत मीच मिळेन तुम्हाला."