मोरेश्वरभाऊंची याचिका आणि मागचं एक नाव

भाऊंच्या घरची मंडळी, बाळकुमचे गावकरी, आणि आपल्या ठेकेदारीच्या धंद्यातले सगळे, तुम्ही आलात. मला बोलायला उभं केलंय. मोरेश्वरभाऊ गेल्याचं दुःख आहेच. खरं सांगू? त्याहून जास्त भीती वाटतेय.

मी सुनंदा, कळव्याची. उद्यानांची निगा राखायची छोटी कामं घेते. टेंडरमध्ये काही गडबड दिसली, आक्षेप घ्यायचा झाला, की भाऊंकडे जायचं, ही आपली रीत. ते अर्जावर आपल्या सह्या एका ओळीत नाही, गोलाकार घ्यायचे. पहिली कुणाची, हे साहेबांना कळूच नये म्हणून.

मग नवा नियम आला. आक्षेपाचा निकाल टेंडर काढणारा साहेबच देणार, आणि त्यावर दाद नाही. भाऊ म्हणाले, "सुनंदा, ज्याच्याबद्दल तक्रार, तोच न्यायाधीश? मग घटनेतली समानता काय खुंटीला टांगायची?" मी म्हटलं, "भाऊ, आपल्याला काळ्या यादीत टाकतील." तर म्हणाले, "टाकतील गं. मलाही भीती वाटते."

हायकोर्टात गोल सह्या चालत नाहीत. तिथे अर्जदार लागतो, नाव-पत्त्यासकट. सह्या करणारे आपण अकरा जण होतो. वकिलांकडे जायच्या दिवशी किती आलो? भाऊ आणि मी. आणि मीही दारातूनच माघारी फिरले. मुलीचं लग्न आहे म्हटलं. लग्न नव्हतं हो. त्या सकाळी टेंडरवाल्या साहेबांच्या ऑफिसातून फोन आलेला, "मॅडम, पुढची कामं हवीयत ना?" एवढंच. भाऊंना ते कळलं असणार. तरी लग्न कधीचं, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही.

याचिकेवर एकट्या त्यांचंच नाव राहिलं. सरकारी वकील म्हणाले, टेंडर हा सरकारचा कारभार, कोर्टानं त्यात पडू नये. पडावं की नाही, याचा निकाल अजून बाकी आहे. आणि मंगळवारी भाऊ हृदयविकारानं गेले.

आता त्यांच्या जागी कुणी उभं राहिलं नाही, तर याचिका तिथेच संपेल. वकीलसाहेब कागद घेऊन मागे बसलेत. माझ्या घरी तिघं माझ्यावर आहेत. कामं बंद झाली तर काय करायचं, मला माहीत नाही. काल जेवण गेलं नाही मला.

भाऊ, मी तुमच्याशी खोटं बोलले. माफ करा.

दोन मिनिटं शांत उभे राहूया. त्यानंतर मी सही करायला मागे जाणार आहे. एकटीला मला जमणार नाही. कुणीतरी चला माझ्याबरोबर.