बसच्या टपावर

फोटोग्राफर: छत्री कॅमेऱ्यावर धरा हो, माझ्या डोक्यावर नको! मी काही विरघळत नाही.

नवरा: तू तापाने फणफणलीस की उशाशी मलाच बसायचंय.

फोटोग्राफर: आणि कॅमेऱ्यात पाणी गेलं तर दोघांनीही डोक्याला हात लावून बसायचंय. अंधार पडायच्या आत या पुलावरून पुराचा फोटो काढून पेपरला पाठवायचाय मला.

नवरा: कॅमेऱ्याला काही होत नाही. जुन्या रेनकोटाचं कव्हर शिवलंय मी, लेन्ससाठी वेगळी बाही लावून. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, पण असं बेढब गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं.

फोटोग्राफर: कव्हर झकास आहे. तक्रार फ्लॅशची आहे. तुम्ही त्याला अंघोळीची टोपी चढवलीत ना, ती आतून वाफेने धुरकटलीये. उजेड अगदीच मिणमिणता पडतोय.

नवरा: मग काढ टोपी.

फोटोग्राफर: काहीतरीच काय! बॅटरीच्या झाकणातून पाणी आत गेलं की संपला तो. वर झटका बसायचा तो वेगळाच. थांबा, असाच एक काढते. ती बुडालेली बस येऊ दे त्यात.

नवरा: रिकामी आहे ना ती?

फोटोग्राफर: हो, दुपारीच सगळ्यांना उतरवलं म्हणे. नुसता टप राहिलाय वर. हं, निघाला. बघू कसा आलाय… अहो.

नवरा: काय गं?

फोटोग्राफर: अहो, इकडे या. इथे, स्क्रीनवर बघा. टपावर हे काय आहे?

नवरा: सामानबिमान असेल कुणाचं.

फोटोग्राफर: मोठं करते… डोकं आहे हे. माणूस बसलाय तिथे!

नवरा: छे, कसं शक्य आहे? आण इकडे. अगं… खरंच की. पोटाशी पिशवी धरून बसलाय.

फोटोग्राफर: पिशवीला पाय असतात का हो?

नवरा: अरे देवा.

फोटोग्राफर: बघत काय राहिलात? हाका मारा! ती बचाव पथकाची बोट बघा, परत फिरतेय!

नवरा: ओ बोटवाले! अहो थांबा! बसवर माणसं आहेत! बसवर!

फोटोग्राफर: ऐकलं का त्यांनी?

नवरा: वळले. पण कुठे, कुठे, असं विचारतायत. त्यांच्या बॅटऱ्यांचा उजेड पावसातच अडकतोय. अगं, हे तर भलतीकडेच निघाले, झाडांकडे!

फोटोग्राफर: हा कॅमेरा धरा. फ्लॅश सुटा काढते मी. ओढा ती टोपी.

नवरा: अगं, आत्ताच तर म्हणालीस…

फोटोग्राफर: ओढा म्हणते ना! आणि त्यांना बसकडे बघायला सांगा.

नवरा: उजेडाकडे बघा! उजेडाकडे!… दिसली! लख्ख दिसली गं! परत मार!

फोटोग्राफर: दम धरा, चार्ज व्हायला वेळ लागतो त्याला. हं… आई गं!

नवरा: काय झालं?

फोटोग्राफर: झटका बसला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

नवरा: टाक तो खाली! टाक आधी!

फोटोग्राफर: टाकून कसं चालेल? बोट अजून अर्ध्यात आहे. ती टोपी द्या इकडे. फ्लॅशला नको, माझ्या हाताला गुंडाळा. घट्ट.

नवरा: गुंडाळली. पण परत झटका बसला तर?

फोटोग्राफर: बसू दे. पोचले का ते?

नवरा: जवळ गेलेत. एकदाच मार अजून… हां! पोचले! दोर टाकला!

फोटोग्राफर: आता पेटतच नाहीये. गेला वाटतं.

नवरा: गेला तर गेला. त्यांनी मूल घेतलं गं बोटीत. दोघांनाही घेतलं.

(थोड्या वेळाने. बोट पुलाच्या टोकाशी लागली आहे.)

नवरा: हळू, दादा. इथे टेका. मूल कुठंय?

ड्रायव्हर: ॲम्ब्युलन्समध्ये नेलं. रडत होतं. रडत होतं म्हणजे ठीक आहे ना हो?

फोटोग्राफर: ठीकच आहे. तुमचं आहे?

ड्रायव्हर: नाही हो, मी त्या बसचा ड्रायव्हर. पोराची आई बसली मदतीच्या एका ट्रकमध्ये, आत्या दुसऱ्यात. हिला वाटलं पोर तिच्याकडे, तिला वाटलं हिच्याकडे. ट्रक निघून गेले. मी आपला किल्ली काढायला परत चढलो, तर मागच्या सीटवर हे गाढ झोपलेलं! उचलेपर्यंत पाणी दाराला लागलं. मग खिडकीतून टपावर चढलो.

नवरा: म्हणजे दुपारपासून तुम्ही वरच?

ड्रायव्हर: घसा बसेपर्यंत ओरडलो. या पुलावर माणसं दिसत होती, हातही केला. तुम्हीच असाल. एक छत्री दिसत होती.

फोटोग्राफर: मी… मी तुमच्याकडे बघूनच फोटो काढत होते हो. कितीतरी फोटो काढले. मला तुम्ही दिसलाच नाहीत.

ड्रायव्हर: एवढ्या पावसात कुणाला दिसणार, ताई. फोन आहे का तुमच्याकडे? माझा वाहून गेला.

नवरा: हा घ्या ना.

ड्रायव्हर: नंबर सांगतो, तुम्हीच लावा. बोटं वळत नाहीयेत माझी… हॅलो? अगं, मी बोलतोय. दुसऱ्याचा फोन आहे हा. छे गं, काही नाही झालं. पाऊस आहे जरा. तुम्ही जेवून घ्या.